बाळंतिणीचा ताप आणि हातातलं घड्याळ

कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या वरच्या अंगाला एका घरात पाचवीची पूजा मांडलेली होती. पाटा-वरवंट्याला हळदकुंकू लागलेलं, बायका ओटी घेऊन आलेल्या. बाळंतीण आतल्या खोलीत कांबळं पांघरून बसली होती आणि तिचे दात वाजत होते. सासूबाई म्हणाल्या, "दूध उतरतंय म्हणून अंग कसकसतंय. ताप आहे, खरं जास्त नाही." थर्मामीटर लावला, 99 आला. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. माझा पडला नाही, कारण मी तोवर तिचे श्वास मोजत होते. मिनिटाला 32. नाडी 134. हात बर्फासारखे. आज वार कुठला, असं विचारलं तर तिनं सोमवार सांगितला, आणि त्या दिवशी गुरुवार होता. दुपारी बारा वाजता कुणीतरी तिला तापाची गोळी दिली होती, म्हणून तो 99.

गर्भपिशवीत वारेचा रुपयाएवढा तुकडा राहिला होता. नऊ दिवस ती दवाखान्यात होती, दोन दिवस ऑक्सिजनवर. वाचली. त्या दिवसापासून मी प्रत्येक घरात एकच सांगत आले आहे: बाळंतिणीच्या अंगाला हात लावून ताप बघू नका, घड्याळ हातात घेऊन श्वास मोजा. खाली जे लिहिलंय ते कधी मोजायचं, काय मोजायचं, आकडा चुकला तर कुणाला काय सांगायचं आणि दवाखान्यात पोचल्यावर काय विचारायचं, याबद्दल आहे. यातले आकडे घरच्या घरी उपचार करण्यासाठी नाहीत. गाडी कधी बोलवायची हे ठरवण्यासाठी आहेत.

आधी एवढं समजून घ्या

जंतू एका जागी शिरतात: गर्भपिशवीत, टाक्यात, लघवीच्या मार्गात, स्तनात, फुप्फुसात. तिथं ते थांबले तर साधा संसर्ग. पण कधी कधी त्या जंतूंशी झुंजता झुंजता शरीर स्वतःलाच दुखावायला लागतं. रक्तदाब पडतो, मूत्रपिंडं लघवी बनवणं थांबवतात, फुप्फुसं दमतात, डोकं काम करेनासं होतं. याला सेप्सिस म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत गरोदरपण, प्रसूती, गर्भपात आणि बाळंतपणानंतरचा काळ असे चारही टप्पे येतात. आपल्याकडे मात्र लोकांच्या डोक्यात फक्त बाळंतज्वर असतो, त्यामुळे सातव्या महिन्यात थंडी वाजून आलेल्या तापाकडे किंवा गर्भपातानंतरच्या तापाकडे कुणी त्या नजरेनं बघत नाही.

भारतात 2018-20 या काळात दर लाख जिवंत जन्मांमागे 97 माता दगावल्या. कर्नाटकात हा आकडा 69 होता, महाराष्ट्रात 33. यातली सगळीच मरणं संसर्गाची नाहीत, रक्तस्राव आणि रक्तदाबाचा वाटा मोठा आहे. पण रक्त दिसतं, माणसं धावतात. संसर्ग चुपचाप वाढतो. बाळंतीण तरुण असते, तिचं शरीर बराच वेळ तग धरतं, बोलते-चालते आणि मग दोन-तीन तासांत खाली येते. "सकाळी तर चांगली होती की" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता ते ऐकलं तरी पोटात गोळा येतो.

पायरी पहिली: गरोदरपणातच अर्धं काम

पहिल्या तिमाहीत लघवीची तपासणी होतेच, पण ती कार्डावर टिक मारण्यापुरती राहू देऊ नका. काही बायकांच्या लघवीत जंतू असतात आणि त्रास काहीच नसतो. गरोदरपणात हेच जंतू वर किडनीपर्यंत चढतात. मग हुडहुडी, ताप आणि कमरेच्या वर एका बाजूला, बहुतेकदा उजवीकडे, ठणका. शक्य असेल तिथं लघवीचं कल्चर (जंतू वाढवून तो कुठला ते बघायची तपासणी) करून घ्या आणि औषध दिलं तर कोर्स पूर्ण करा. उसाच्या फडात काम करणाऱ्या बायका दिवसभर लघवी दाबून ठेवतात आणि त्यासाठी पाणीही कमी पितात. अथणी, रायबाग, चिक्कोडी, निपाणीकडं हंगामात टोळ्या उतरतात तेव्हा हेच दिसतं. टोळीच्या मुकादमाला आडोसा करायला लावा, लाज वाटू देऊ नका.

हिमोग्लोबिन 11 च्या खाली म्हणजे रक्त कमी, 7 च्या खाली म्हणजे गंभीर. रक्त कमी असलेल्या बाईला संसर्ग झाला तर सावरायला बळच नसतं. लोहाची गोळी गरोदरपणात 180 दिवस आणि बाळंतपणानंतर आणखी 180 दिवस घ्यायची असते. दुसरा भाग जवळजवळ कुणीच घेत नाही. साखर तपासून घ्या, कारण मधुमेह असेल तर टाके पिकायची शक्यता वाढते. धनुर्वाताची टीडी लस चुकवू नका.

पाणमोट फुटली की कळा असोत-नसोत, वेळ लिहून ठेवायची आणि निघायचं. पाणी गेल्यावर 18 तासांच्या पुढं आत जंतू चढण्याचा धोका बराच वाढतो आणि डॉक्टरांना अँटिबायोटिक सुरू करावं लागतं. "पहाटे कधीतरी ओलं वाटलं" असं सांगितलं तर त्यांना हिशोब लागत नाही. पाण्याला वास असेल, हिरवट रंग असेल, ताप असेल, तर वाट बघायचीच नाही.

पायरी दुसरी: सीमेवरच्या घरांची पिशवी

आपल्याकडची खास अडचण अशी की सासर खानापुरात आणि माहेर चंदगडात, किंवा उलटं. नाव नोंदवलेलं असतं कर्नाटकात, पहिलं बाळंतपण होतं महाराष्ट्रात आणि ताप येतो तेव्हा बाई तिसरीकडंच असते. तायी कार्ड, म्हणजे कर्नाटकातलं गरोदरपणाच्या नोंदींचं कार्ड, सासरी कपाटात राहतं. (कन्नडमध्ये तायी म्हणजे आई. आपल्याकडं सगळे 'ताई कार्ड' म्हणतात, तेही गोडच आहे, पण हरवलं की सगळी गोडी जाते.)

म्हणून आठव्या महिन्यात एक कापडी पिशवी भरा. तायी कार्ड किंवा महाराष्ट्रातलं माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे कागद, रक्तगटाचा रिपोर्ट, आधार. सगळ्याचे फोटो नवऱ्याच्या आणि आईच्या मोबाइलमध्ये. डिजिटल थर्मामीटर. सेकंदाचा काटा असलेलं घड्याळ, किंवा मोबाइलवर चालेल. वही आणि पेन. गावातल्या दोन गाड्यांचे नंबर, कारण एक ड्रायव्हर नेमका लग्नाला गेलेला असतो.

108 दोन्ही राज्यांत आहे, पण दोन्ही राज्यांची व्यवस्था वेगळी. सीमेवर मोबाइल पलीकडच्या टॉवरला लागतो तेव्हा फोन तिकडच्या केंद्रात जाऊ शकतो. म्हणून बोलताना पहिल्याच वाक्यात राज्य, जिल्हा, तालुका, गाव आणि ओळखीची खूण सांगायची. गरोदर बाई आणि बाळंतिणीला सरकारी दवाखान्यात मोफत उपचार, औषधं, रक्त आणि ने-आण देणारा जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम केंद्राचा आहे. तो दोन्ही बाजूंना लागू आहे. "तुम्ही पलीकडचे" म्हणून तातडीच्या बाळंतिणीला कुणी परत पाठवू शकत नाही.

कुठं जायचं तेही आधीच ठरवा. खानापूर तालुक्यातून बेळगावचं जिल्हा रुग्णालय किंवा तिथली मोठी इस्पितळं. निपाणीतून कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी रुग्णालय सरळ हायवेनं गाठता येतं. कागवाड-अथणीच्या लोकांना मिरज जवळ पडतं. राज्य कुठलं ते बघू नका. रात्री दोन वाजता डॉक्टर, रक्त आणि ऑपरेशनची सोय कुठं मिळेल ते बघा. आणि भीमगडच्या जंगलातल्या वाड्यांवर राहत असाल, जिथं पावसाळ्यात ओढ्यानं वाट तुटते आणि पेशंटला खांद्यावरून आणावं लागतं, तर तारखेच्या दोन आठवडे आधी रस्त्याजवळच्या नातेवाइकांकडं येऊन राहा. बाळंतपण झाल्यावरही निदान दहा दिवस तिथंच राहा. दुसरा भाग लोक विसरतात. सुटका झाली की लगेच घरी निघतात, आणि धोका तर त्यानंतरच असतो.

पायरी तिसरी: प्रसूतीच्या खोलीत

1847 साली व्हिएन्नात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरानं क्लोरीनच्या पाण्यानं हात धुवायला लावले आणि वॉर्डातली बाळंतज्वराची मरणं झपाट्यानं कमी झाली. एवढ्या वर्षांनंतरही सगळ्यात मोठं औषध तेच आहे. आतून तपासणी करण्याआधी हात धुतले का, नवीन ग्लोव्हज घातले का, हे सोबतच्या बाईनं नजरेनं बघावं. तपासण्या गरजेपुरत्याच व्हाव्यात. विचारायला संकोच वाटत असेल तर "सिस्टर, आता किती उघडलंय?" एवढं विचारा, नोंद होते आणि पुन्हा पुन्हा तपासणं आपोआप कमी होतं.

वार पडल्यावर ती पूर्ण आहे का हे बघणं सिस्टरचं काम. पण "वार पूर्ण आली ना?" हा प्रश्न घरच्यांनी विचारायलाच हवा. हात घालून वार काढावी लागली असेल तर ते डिस्चार्जच्या कागदावर लिहून घ्या. सिझर असेल तर अँटिबायोटिकचा डोस चिरा देण्याआधी द्यायचा असतो.

इथं आपल्या गावची एक गोष्ट सांगायलाच हवी. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजचे संशोधक सहभागी असलेला एक मोठा अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. सात देशांतल्या 29,278 बायका त्यात होत्या, भारतातून बेळगाव आणि नागपूर. नैसर्गिक प्रसूतीच्या कळा सुरू असताना ॲझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकचा 2 ग्रॅमचा एकच डोस तोंडावाटे दिला, तर सेप्सिस किंवा मृत्यू 2.4 टक्क्यांवरून 1.6 टक्क्यांवर आले. बाळांच्या बाबतीत मात्र असा फरक दिसला नाही. हे वाचून कुणी मेडिकलमधून गोळ्या आणून ठेवू नयेत. डोस द्यायचा की नाही हे प्रसूती करणारे ठरवतात. मला एवढंच सांगायचंय की आपल्याच भागातल्या बायकांनी भाग घेतला आणि जगाला कळलं.

नैसर्गिक प्रसूतीनंतर 48 तास दवाखान्यात राहायचं असतं. "बेड मोकळा करा" म्हटलं तरी आणि घरी म्हैस व्यायला झाली तरी. निघताना चार गोष्टी विचारा: पाणमोट किती वेळ फुटलेली होती, वार पूर्ण होती का, टाके कुठं आहेत, शेवटचा ताप-नाडी-बीपी किती. उत्तरं वहीत लिहा.

पायरी चौथी: घरी रोज दोनदा मोजणी

पहिले दहा दिवस सकाळी आणि संध्याकाळी, मग 42 दिवसांपर्यंत रोज एकदा. आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येतात. बहुतेक घरांत त्या आल्या की सगळे बाळ पुढं करतात, वजन, नाळ, दूध. आईचा ताप कोण विचारतं? तिसऱ्या आणि सातव्या दिवसाच्या मध्ये पाचवी येते, सटवाई येते, मग बाराव्याला बारसं. संसर्ग डोकं वर काढतो तो नेमका याच दिवसांत, घर पाहुण्यांनी भरलेलं असताना आणि बाळंतिणीला "हसून बस गं" म्हणत असताना.

श्वास असा मोजा. तिला सांगू नका, सांगितलं की श्वास बदलतो. बाळाला पाजून झालं, ती टेकून बसली, की हातात हात घ्या, नाडी बघतोय असं भासवा, आणि डोळे तिच्या छातीखाली पदरावर ठेवा. पदर वर गेला, खाली आला, एक. पूर्ण 60 सेकंद. पंधरा सेकंद मोजून चारानं गुणू नका, चुकतं. साधारण 12 ते 20 असतात. 25 किंवा जास्त असतील, तर पाच मिनिटांनी पुन्हा मोजा. तेवढेच आले तर ती आजारी आहे, ताप असो वा नसो.

नाडी मनगटावर अंगठ्याच्या बाजूला, पूर्ण मिनिट. निवांत बसलेली असताना 110 च्या वर दोनदा आली तर दवाखाना. 130 च्या वर असेल तर पुन्हा मोजत बसू नका.

थर्मामीटर काखेत, हात घट्ट मिटून. काखेत प्रत्यक्षापेक्षा थोडं कमी दाखवतं, म्हणून तोंडातला 100.4 फॅरनहाइट म्हणजे काखेत 100 आला तरी तो तापच धरा. आणि 96.8 च्या खाली उतरला तर तेही तितकंच वाईट, काही वेळा जास्त वाईट. शेक घेतल्यावर लगेच ताप बघू नका, अर्धा तास थांबा. तापाची गोळी घेतली असेल तर तिची वेळ आकड्याशेजारी लिहा, नाहीतर माझ्या त्या 99 सारखी फसगत होते.

लघवी शेवटची कधी झाली ते विचारा. जागेपणी आठ-दहा तास झालीच नसेल, किंवा चहासारखी गडद आणि चमचाभर होत असेल, तर मूत्रपिंडं सांगतायत की रक्त पोचत नाही.

मग बघायचं-वासायचं काम. अंगावरून जाणाऱ्याला रक्ताचा, लोखंडासारखा वास असतो. सडक्या मासळीसारखा घाण वास वेगळाच असतो, एकदा आला की ओळखू येतो. ओटीपोट दाबल्यावर कळ येते का, पहिल्या दिवसापेक्षा दुखणं वाढतंय का? बाळंतपणाचं दुखणं दिवसागणिक कमी व्हायला हवं, उलट्या दिशेनं चाललं की काहीतरी बिघडलंय. सिझरचा टाका लाल, गरम, पाझरतोय का? खालच्या टाक्याला सूज? स्तनाला लाल तुकडा, दगडासारखी गाठ? एकाच पोटरीत दुखणं-सूज असेल तर ती बहुधा रक्ताची गुठळी, तीही तातडीचीच.

दुधाच्या तापाबद्दल. असतो, मी नाही म्हणत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी स्तन भरून येतात, अंग थोडं तापतं, बाळ प्यायलं की उतरतं, एका दिवसात जातं. पण ते निदान घरात करायचं नाही. बाकी सगळं ठीक आहे हे तपासल्यावर डॉक्टरांनी करायचं. तीच गोष्ट 'वारं शिरलं' आणि 'दृष्ट लागली' याची. दृष्ट काढायची तर काढा, दोन मिनिटं लागतात, पण गाडी बोलवून मग काढा.

आपल्या रीती: काय ठेवायचं, काय सोडायचं

डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेपू, बाजरीची भाकरी: चालू द्या. तेलमालीश चालेल, टाक्यांवर तेल नको. कोमट पाण्याची अंघोळ रोज. "दहा दिवस विटाळ" म्हणून मळकी लुगडी आणि अंधारी खोली देणं बंद करा. सगळ्यात स्वच्छ कपडा, सगळ्यात स्वच्छ खोली तिची.

पाणी कमी द्यायची रीत सोडा, पोट सुटतं वगैरे काही होत नाही, लघवीला जळजळ मात्र सुरू होते. बंद खोलीत बाजेखाली शेगडी ठेवू नका. धुरानं आणि कोळशाच्या वायूनं आई-बाळ दोघांचा जीव जाऊ शकतो. योनीत काहीही घालायचं नाही, ना पाला, ना तेलाची पुरचुंडी. पॅड किंवा कापडाच्या घड्या दर चार-पाच तासांनी बदला. कापडी असतील तर साबणानं धुऊन कडक उन्हात वाळवा, दाराआड ओलसर ठेवू नका.

आणि हात. पॅड बदलल्यावर तर बाई हात धुतेच, पण बदलण्याआधीही धुवायला सांगा. घशातला एक जंतू, स्ट्रेप्टोकोकस ए, असा पसरतो: घरातल्या शाळकरी पोराचा घसा दुखत असतो, आई त्याचं नाक पुसते, मग तोच हात टाक्यांना लागतो. हा संसर्ग तासांत वाढतो, कधी पोटात भयंकर दुखणं आणि जुलाब एवढंच आधी दिसतं. घसा दुखणारा कुणी घरात असेल तर दवाखान्यात न विचारता सांगा.

पायरी पाचवी: आता निघायचं

यातलं काहीही एक दिसलं की निघा: थंडी वाजून ताप, श्वास 25 किंवा जास्त, नाडी दोनदा 110 च्या वर, वरचं बीपी 90 च्या खाली, लघवी बंद, घाण वासाचा स्राव, वाढतं पोटदुखणं, भान हरपल्यासारखं बोलणं, सुस्ती, "मला काहीतरी होतंय, मी वाचत नाही" असं तिनं म्हणणं. हे शेवटचं मी गमतीनं लिहिलेलं नाही. बाई स्वतः असं म्हणते तेव्हा तिचं ऐका. गरोदर असेल तर बाळाची हालचाल कमी होणं हेही यात धरा.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडं सुई आणि सलाइन लावून "सकाळी बघू" करू नका. मेडिकलमधून पाच गोळ्या आणून अर्धवट अँटिबायोटिक चालू करू नका, त्यानं जंतू मरत नाहीत, फक्त लपतात.

108 ला कन्नडमध्ये बोलायची वेळ आली तर ही वाक्यं वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. "बाणंती इदारे" म्हणजे बाळंतीण आहे. "हेरिगे आगि ऐदु दिन आयतु", बाळंत होऊन पाच दिवस झाले. "चळि ज्वर बंदिदे", थंडीताप आलाय. "उसिराटद तोंदरे इदे", श्वासाचा त्रास आहे. बाणंती आणि बाळंतीण, ऐकायलाही बहिणी आहेत. भाषेचं भांडण चौकात ठेवा, फोनवर नको.

दवाखान्याच्या दारात मात्र भाषा कुठलीही असो, पहिलं वाक्य हेच: "बाळंत होऊन इतके दिवस झाले, श्वास इतका, नाडी इतकी, सेप्सिस आहे का बघा." नुसतं "ताप आहे" म्हटलं की रांगेत बसवतात. वहीचं पान पुढं करा.

गाडीत गरोदर बाईला डाव्या कुशीवर झोपवा. बाळंतीण गळून गेली असेल तर पाय थोडे उंच, पण धाप लागत असेल तर तिला बसतं होऊ द्या. शुद्धीत असेल तर पाण्याचे घोट, सुस्तावली असेल तर तोंडात काही नाही. बाळ बरोबर न्या, आईच्या संसर्गात बाळालाही तपासावं लागतं. रक्त देऊ शकतील असे दोन माणसं मागच्या गाडीत.

पायरी सहावी: पहिला तास

दवाखान्यात काय व्हायला हवं हे माहीत असेल तर घाबरणं कमी होतं आणि पाठपुरावा करता येतो. शिरेतून सलाइन. रक्ताचे नमुने, जमलं तर कल्चरसह, आणि लगेच, एका तासाच्या आत, शिरेतून अँटिबायोटिक. कल्चरसाठी औषध अडवून ठेवायचं नाही. लागला तर ऑक्सिजन. लघवीची नळी, दर तासाला किती झाली याची नोंद. आणि संसर्गाचं मूळ शोधणं: राहिलेली वार काढणं, पिकलेला टाका उघडणं, गळू फोडणं. मूळ आतच राहिलं तर कितीही महाग इंजेक्शन दिलं तरी ताप परत येतो. नातेवाईक इथंच अडतात, "पुन्हा ऑपरेशन कशाला?" म्हणतात आणि सही द्यायला चार तास घेतात. क्वचित गर्भपिशवीच काढावी लागते. तो निर्णय फार जड असतो, पण त्या वेळी बाजू फक्त एकच असते, बाईचा जीव.

घरच्यांनी एकच प्रश्न धरून ठेवावा: "अँटिबायोटिक किती वाजता दिलं?" भांडायचं नाही, विचारायचं. मोठ्या दवाखान्यात पाठवत असतील तर चिठ्ठीवर औषधाचं नाव, डोस आणि वेळ लिहून घ्या, आणि निघण्याआधी पहिला डोस दिलाय ना ते बघा. खानापूर ते बेळगाव रस्ता तासाभराच्या आतला असला तरी, तिथं पोचून कागदपत्रं होईपर्यंत आणखी दोन तास जातात.

जंगलकाठी राहत असाल, काजूच्या बागेत किंवा शेतात कीटक चावला असेल, अंगावर काळी खपली असेल, तर डॉक्टरांना दाखवा. आपल्या पट्ट्यात बाळंतिणीचा प्रत्येक ताप गर्भपिशवीचाच असतो असं नाही. मलेरिया, डेंग्यू, स्क्रब टायफस यांची औषधं वेगळी.

गर्भपातानंतर

हा भाग सगळ्यात कमी बोलला जातो. आपोआप झालेला असो, करवलेला असो, तिसऱ्या महिन्यातला असो की पाचव्या, ताप-पोटदुखी-घाण स्राव ही त्रिकूट लक्षणं तीच आणि घाईही तीच. गर्भपात 1971 पासून कायद्यानं मान्य आहे, 2021 च्या दुरुस्तीनं काही बायकांसाठी मुदत 24 आठवड्यांपर्यंत वाढली आहे. मान्यताप्राप्त दवाखान्यात करून घेतलेला सुरक्षित असतो. धोका असतो तो काडी घालणाऱ्याकडं किंवा चोरून मागवलेल्या गोळ्यांनी अर्धवट झालेल्यात. कुणी गोळ्या घेतल्या असतील, कुणी आत काही घातलं असेल, तर डॉक्टरांना खरं सांगा. नवऱ्याला, सासूला बाहेर थांबवून सांगायचा तुमचा हक्क आहे. काय घातलं होतं हे कळल्यावर मूळ शोधायला दहा मिनिटं लागतात, न कळल्यावर दोन दिवस.

घरी परतल्यावर

अँटिबायोटिकचा कोर्स बरं वाटलं तरी संपवायचा. दूध बहुतेक औषधांत चालतं, विचारून घ्या, उगाच तोडू नका. स्तन पिकला असेल तरी दूध काढत राहावंच लागतं, साचलं की वाढतं. पुढचे काही महिने थकवा, केस गळणं, झोपेतून दचकणं, दवाखान्याची भीती हे होऊ शकतं. याला कुचराई म्हणू नका, तिला भाकऱ्या थापायला लावायची घाई करू नका. ताप पुन्हा आला तर पहिल्यापेक्षा लवकर निघा.

आणि डिस्चार्जचा कागद. 'सेप्सिस' हा शब्द, मूळ कुठं होतं, जंतू कुठला निघाला, औषध कुठलं लागू पडलं, हे त्यावर आहे का बघा, नसेल तर लिहून मागा. त्याचा फोटो नवऱ्याच्या आणि आईच्या मोबाइलमध्ये, मूळ कागद तायी कार्डात. पुढच्या खेपेला दिवस राहिल्यावर पहिल्याच तपासणीला, कुठल्याही राज्यात असा, आधी तो कागद डॉक्टरांसमोर ठेवायचा.